वळणावर ब्रेकचा डाग नव्हता

कोल्हापूर
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

श्रीपाल,

पाकिटामागचं नाव बघून फाडलं नसशील, तर पुढं वाच. मी उदय खराडे. सदतीस वर्षांनी लिहितोय. तुझा निपाणीचा पत्ता तुझ्या अपूर्वानं दिला. फोन नंबर मागितला तर म्हणाली, "अप्पा तुमच्यासंगं फोनवर बोलणार न्हाईत. पत्र पाठवा. वाचायचं का न्हाय ते त्यांचं ते ठरवतील." बापाची जीभ घेतलीय पोरीनं.

ती मला कशी सापडली ते सांगतो. इथं पोरांचा एक ग्रुप आहे. दर रविवारी सकाळी पंचवीस-तीस मोटरसायकली पन्हाळा चढतात आणि त्या दगडी कठड्याच्या वळणावर थांबतात. त्याला आता 'पृथ्वी टर्न' म्हणतात. पुण्याचे, बेळगावचे रायडर मुद्दाम बघायला येतात. पलीकडं चहाची टपरी झालीय. टपरीवर एकच विषय. अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, चढाच्या शर्यतीत, पृथ्वीराज सरनोबतसारखा गडी वळण न घेता सरळ कठड्यावर का गेला?

त्यातल्या एकाचाही त्या वेळी जन्म झाला नव्हता. पण बोलतात असं, की जणू सगळे कठड्यावर बसून बघत होते. एक म्हणतो, रस्त्यावर डिझेल सांडलं होतं. दुसरा म्हणतो, ॲक्सिलेटर अडकला. कुणी म्हणतं, पुण्यात एक पोरगी होती, तिच्यापायी त्यानं मुद्दाम घातली. आणि सगळ्यात जास्त मतं पडतात ती ब्रेकला. वळणावर टायर घासल्याचा डाग नव्हता, म्हणजे ब्रेक लागलाच नाही, म्हणजे मेकॅनिकनं घात केला.

मी त्या वेळचा माणूस म्हणून मला खुर्ची देतात. राजवीर म्हणून एक पोरगा आहे, तोच ग्रुप चालवतो, तो मला घरून कारनं घेऊन जातो. मला तिथं जायला आवडतं, खोटं कशाला सांगू. आयटीआयतनं रिटायर झाल्यापासून मला 'काका, तुम्हीच सांगा' असं म्हणणारं दुसरं कोण आहे? मी चहा पितो आणि म्हणतो, "बघा बाबांनो, ते कुणाला कळलं न्हाय." दोन वर्षं हेच म्हणत आलोय.

गेल्या महिन्यात राजवीरनं त्यावर व्हिडिओ केला. चार लाख लोकांनी बघितला. त्यात तुझं नाव आलं, श्रीपाल मगदूम, शाहूपुरीत गॅरेज होतं, अपघातानंतर गाव सोडून गेला. खाली तुझ्या अपूर्वानं लिहिलं, "ते माझे वडील आहेत. तुमच्यापैकी एकानं तरी त्यांना विचारलं का?"

त्या एका ओळीमुळं मी बसलोय लिहायला. तब्येत कशी आहे कळव. शुगर-बिगर नाही ना?

उदय


२१ सप्टेंबर २०२५

श्रीपाल,

उत्तर आलं नाही. शुगर विचारून मी पत्र संपवलं, त्याला तू काय उत्तर देणार?

आज केबलचं लिहितो.

पृथ्वी गेला त्याच्या चौथ्या दिवशी मोटरसायकल क्लबच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. तुला बाहेर व्हरांड्यात उभं केलं होतं. गाडीचा सांगाडा पोत्यावर ठेवला होता. मी नुकताच आयटीआयला टर्नरचा मास्तर म्हणून लागलो होतो, म्हणून मला म्हणाले, "खराडे, तुमी शिकल्यालं हाय, बघा काय झालंय." मी बघितलं. पुढच्या ब्रेकची केबल ड्रमजवळ तुटली होती. तिच्यातली एकेक तार ताणून, लांब होऊन, टोकाला बारीक होऊन तुटली होती. झिजून तुटलेली तार तशी दिसत नाही, हे मी वर्गात पोरांना शिकवत होतो. ती केबल कठड्यावर आपटल्यावर तुटली. त्याच्या आधी ती धडधाकट होती. तू बसवलेली होती, धडधाकटच असणार.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "केबल तुटलेली आहे."

एवढंच. वाक्य खरं होतं. केव्हा तुटली हे मला कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. पृथ्वीचे चुलते तसेच उठून व्हरांड्यात गेले. त्यांनी तुझ्या तोंडात मारल्याचा आवाज हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकला. तुझे वडील तुझा दंड धरून तुला जिन्यावरनं खाली घेऊन गेले, तेव्हा तू एकदा मागं बघितलंस. माझ्याकडं बघितलंस की पोत्यावरच्या गाडीकडं, हे मला अजून माहीत नाही.

त्याच आठवड्यात तुझ्या गॅरेजवर दगड पडले. मी त्यात नव्हतो. पण मी कुठंच नव्हतो.

उदय


५ ऑक्टोबर २०२५

श्रीपाल,

अपूर्वाचा मेसेज आला. "अप्पांनी दोन्ही पत्रं वाचली. काय बोलले न्हाईत. दोन दिवस दुकान उघडलं न्हाय." तू आता मोटारी भरायचं दुकान चालवतोस, पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरतोस, हेही तिनंच सांगितलं. दुचाकीला सदतीस वर्षांत हात लावला नाहीस म्हणे. स्वतःची सायकलसुद्धा दुसऱ्याकडनं दुरुस्त करून घेतोस.

हे वाचल्यावर मला थांबायचं कारण राहिलं नाही.

गेल्या रविवारी टपरीवर राजवीर म्हणाला, "काका, एक गोष्ट मला कळत न्हाय. ब्रेक गेला तर माणूस गप बसतो व्हय? गियर पाडंल, गाडी आडवी टाकंल, पाय टेकंल. कायतरी करंलच की. ह्यांनी कायच केलं न्हाय. असं कसं?"

पोरगं सव्वीस वर्षांचं आहे. सदतीस वर्षांत कुणाला सुचलं नाही ते त्याला सुचलं. मी कप खाली ठेवला आणि पाय दुखतोय म्हणून गाडीत जाऊन बसलो.

त्यानं काहीच केलं नाही, कारण तो तिथं नव्हताच.

अपघाताच्या आधी महिनाभर, जानेवारीत, मी आणि पृथ्वी नृसिंहवाडीला गेलतो. तुला बोलावलं होतं, तुझ्याकडं इंजिन उघडलेलं होतं म्हणून तू आला नाहीस. दुपारी दर्शन करून आम्ही घाटाच्या पायरीवर बसलो होतो. तो बोलता बोलता गप झाला. बघतो तर नजर पाण्यावर लागलेली, आणि ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. मी हाक मारली, हलवलं, त्याला पत्ताच नाही. मग अंग ताठ झालं आणि तो पायरीवर आडवा झाला. हातपाय झटकायला लागला. तोंडाला फेस. शेजारच्या एका बाईनं धावत येऊन नाकाला कांदा लावला. दोन मिनिटांनी थांबलं. डोळे उघडल्यावर त्याला काही आठवत नव्हतं. मी सांगितल्यावर म्हणाला, "हे तिसऱ्यांदा झालं."

मी म्हणालो, "पृथ्वी, डॉक्टरला दाखवूया. आणि फेब्रुवारीची शर्यत सोड."

"येडा हाईस काय? कागलची माझी सोयरीक ठरल्याली हाय. पुढच्या वर्षी आमच्या सुरेखाचं बघायचंय. एका पोराला फेफरं हाय म्हटल्यावर त्या घरची पोरगी कोण करंल? शर्यत झाली की मी गुपचूप मुंबईला जाऊन दाखवून येतो. तवर तू तोंड उघडायचं न्हाय." आणि माझा हात धरून त्यानं तिथंच, दत्ताच्या दारात, मला शपथ घातली.

मी शपथ घेतली. आणि पाळली. वळणावर त्याला तेच झालं, श्रीपाल. म्हणून टायरचा डाग नव्हता.

तुझ्या ब्रेकला काहीही झालं नव्हतं.

उदय


२८ ऑक्टोबर २०२५

श्रीपाल,

मागच्या पत्रात मी शपथेचं लिहिलं. वाचून तुला वाटलं असेल, बिचारा मित्राला दिलेल्या शब्दात अडकला. मलाही सदतीस वर्षं तसंच वाटत आलं. ते खरं नाही.

मी सुरेखाशी लग्न केलं हे तुला माहीत असेल. नव्वद साली. ती मला आधीपासून आवडायची, हे पृथ्वीला माहीत नव्हतं, तुला कदाचित असेल. केबल हातात धरून मी उभा होतो तेव्हा माझ्या डोक्यात पृथ्वीची शपथ नव्हती, माझी आई होती. सरनोबतांच्या रक्तात फेफरं आहे, एवढं तिच्या कानावर गेलं असतं तर सुरेखा आमचा उंबरा चढली नसती. तू व्हरांड्यात होतास आणि मी आत माझं लग्न वाचवत होतो.

भाऊबीजेला सुरेखा दर वर्षी दादाच्या फोटोला ओवाळते. या वर्षी तिनं ताट खाली ठेवलं आणि मी तिला सगळं सांगितलं. वाडीचा घाट, केबल, तू. ती खाली बसून ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "शर्यतीच्या दिवशी तुमी कुठं हुतासा?"

हा प्रश्न ती विचारेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणजे भीती होती.

तुला आठवत असेल, सुरुवातीच्या रेषेवर मी मागून पृथ्वीचं सीट धरून उभा होतो. तू पेट्रोल बघून बाजूला झालास. झेंडा पडायला अर्धं मिनिट असेल. मी पुढं वाकून काहीतरी म्हणालो, त्यानं उत्तर दिलं नाही. उघड्या तोंडाचं हेल्मेट होतं. मी बघितलं, त्याचे ओठ हलत होते. वाडीला हलत होते तसेच. नजर रस्त्यावर लागलेली. मी दोनदा हाक मारली. पाच-सहा सेकंद गेले असतील. मग त्यानं मान हलवली, माझ्याकडं वळून हसला आणि अंगठा दाखवला. झेंडा पडला. मी सीट सोडलं.

नुसतं धरून ठेवलं असतं तरी चाललं असतं. शिव्या खाल्ल्या असत्या, शर्यत गेली असती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं होती, सगळे त्याच्या नावानं ओरडत होते. मला वाटलं, आता बरा झालाय, जाईल वरपर्यंत.

दीड मिनिटानं वरून ओरडा आला.

सुरेखा म्हणाली, "दादाला तुमी मारलं असं म्हणत न्हाय मी. पण त्येला धरून ठेवायचं तुमच्या हातात हुतं, आणि तुमी हात सोडला." ताटातलं निरांजन विझेपर्यंत ती तिथंच बसून होती. त्या दिवसापासून ती स्वयंपाक करते, ताट वाढते, औषधाच्या गोळ्या काढून ठेवते. बोलत नाही.

उदय


१० नोव्हेंबर २०२५

श्रीपाल,

काल वळणावर सगळ्यांसमोर सांगितलं. तेवीस पोरं होती. राजवीरनं मोबाईल समोर धरला, मी म्हणालो, धर. फिट, केबल, रेषेवरचे पाच सेकंद, काही लपवलं नाही. तुझं पूर्ण नाव घेऊन सांगितलं की श्रीपाल मगदूमच्या कामात खोट नव्हती आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

माझं बोलून झालं. मला वाटलं, आता कुणीतरी माझी कॉलर धरेल. मी तयारीनं गेलो होतो. पण मागून एक पोरगा म्हणाला, "पण काका, त्याच वेळंला फिट आली कशावरनं? तुमी तर खाली हुतासा न्हवं?"

मी म्हणालो, "दुसरं काय असणार?"

"डिझेलबी असू शकतंय की. फिटीचा तुमचा अंदाजच झाला."

दुसरा म्हणाला, "मेलेल्या माणसाला असं म्हणू नये, काका. आमच्यासाठी त्यो देव हाय." तिसऱ्यानं गाडीला किक मारली. पाच मिनिटांत निम्मी पोरं पुढं निघून गेली. राजवीर तेवढा थांबला. हेल्मेट हातात घेऊन कठड्याकडं बघत उभा होता. म्हणाला, "काका, मला पटलंय. पण तुमी लई उशीर केला. आता हे कुणाला नको हाय."

व्हिडिओ रात्रीत सगळीकडं गेला. खाली लोक काय काय लिहितात ते राजवीर मला दाखवत नव्हता, मी मागून घेऊन वाचलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. प्रसिद्धीसाठी मित्राची बदनामी. मेकॅनिकच्या माणसांनी बोलायला लावलं असेल. एकानं यादीच केली होती, अपघाताची कारणं: ब्रेक, डिझेल, ॲक्सिलेटर, पोरगी, फिट. आणि खाली विचारलं होतं, तुमचं मत कशाला?

पाच कारणांतलं एक. मी सदतीस वर्षं दाबून ठेवलं, त्याची किंमत आता एवढी. त्या हॉलमध्ये, केबल हातात असताना बोललो असतो तर ते कारण झालं असतं. आता ते नुसतं एक मत आहे. तुझं नाव धुऊन काढायला गेलो आणि तेही जमलं नाही.

सुरेखाच्या माहेरच्यांनी फोन करून सांगितलं, इथनं पुढं उंबऱ्यावर पाय ठेवू नका. बरोबर आहे त्यांचं.

तुला तोंडानं सांगायला यायचंय. अपूर्वाला विचारलंय. नको म्हणालास तर येणार नाही.

उदय


२४ नोव्हेंबर २०२५

श्रीपाल,

परत येऊ नकोस म्हणालास. येणार नाही. हे शेवटचं पत्र, आणि ते माझ्यासाठी नाही.

परवा तुझ्या दुकानात जे झालं ते मला घरी येऊन सुरेखाला सांगावं लागलं. तिनंच विचारलं. महिनाभरानं पहिल्यांदा बोलली. दारातनं चप्पल काढत होतो तर आतनं म्हणाली, "काय म्हणाले?"

मी सांगितलं. तू तारेचं भेंडोळं मांडीवर घेऊन बसला होतास, केस सगळे पांढरे, मी आधी ओळखलंच नाही. अपूर्वानं स्टूल दिलं. मी माफीचं बोलायला लागलो तर तू हातानं थांबवलंस. शिव्या देशील, हाकलशील, असं धरूनच मी आलो होतो. तू बराच वेळ तार गुंडाळत राहिलास. मग वर न बघता विचारलंस, "त्येला कळलं आसंल काय?"

मला प्रश्न समजला नाही. तू पुन्हा म्हणालास, "पृथ्वीला. कठडा येताना त्येला दिसला आसंल काय?"

मी म्हणालो, "न्हाय. फिटमध्ये माणसाला काय कळत न्हाय. वाडीलाबी त्येला काय आठवत नव्हतं."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा तू भेंडोळं खाली ठेवलंस. म्हणालास, "मी रोज बघतोय त्येला. ब्रेक दाबतोय, लागत न्हाय. परत दाबतोय. माझ्याकडं बघतोय, म्हणतोय, शिरपा, काय केलंस रं हे. रोज. पोरीच्या लग्नात अक्षता टाकतानाबी बघितलं." मग तू दोन्ही हातांनी तोंड झाकलंस. अपूर्वा तुझ्या पाठीवर हात ठेवून माझ्याकडं बघत होती. तसं माझ्याकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं. थोड्या वेळानं तू हात काढलेस, तोंड पुसलंस आणि म्हणालास, "त्येला कळलं न्हाय, हे बरं झालं. आता जा. परत येऊ नगंस."

हे सगळं मी जसंच्या तसं सुरेखाला सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "म्हंजे तो माणूस सदतीस वर्षं दादाला मरताना बघत हुता. आणि तुमी इथं माझ्या हातचं जेवत हुतासा."

मी दारातली चप्पल उचलून कोपऱ्यात ठेवली.

आज सकाळी तिनं सांगितलं, गुरुवारी ती निपाणीला येणार आहे. एकटी, एसटीनं. मी सोडायला येतो म्हटलं तर नको म्हणाली. तुला काय सांगायचंय ते तिनं मला सांगितलं नाही. चुलत्यानं तुला मारलं त्याचं असेल, किंवा तिला दादाबद्दल कुणाशी तरी बोलायचं असेल. माझ्याशी आता तिला ते बोलता येणार नाही. त्या शेवटच्या दिवशी त्याच्याजवळ आपण दोघंच होतो, आणि दोघांतला खरं बोलणारा तूच उरलास.

गुडघे दुखतात तिचे. स्टँडपासून तुझं दुकान लांब आहे. अपूर्वाला न्यायला पाठव. आणि खराड्यांची बायको म्हणून नको, पृथ्वीची बहीण म्हणून तिला आत घे.

उदय